आमच्याच पत्त्यावरून आलेली हरकत

तीर्थस्वरूप आत्यास,

खालच्या मजल्यावरून कोपरापासून नमस्कार. (हा टोमणा समजू नकोस. काउंटरवर कोपर टेकूनच लिहितो आहे, दुसरीकडे टेकायला जागा नाही.) इकडे आम्ही दोघं नवराबायको ठीक आहोत. तू कशी आहेस हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, पण उत्तर मला माहीत आहे. सकाळपासून छतावर तुझी पावलं ऐकतो आहे. गुडघा दुखत असला की तुझं उजवं पाऊल जड पडतं, आज दोन्ही सारखी पडतायत, म्हणजे नवीन मलम लागू पडलं म्हणायचं. खिडकी मात्र उघडी ठेवून झोपतेस, ते बरं नाही.

तू वर, मी खाली, मध्ये एक जिना, आणि तरी हा गाढव पत्र का लिहितोय असं तुला वाटेल. कारण असं की सुनावणीच्या दिवसापासून मी तुझ्याशी अबोला धरलेला आहे, आणि अबोला धरलेल्या माणसाने आपण होऊन जिना चढणं बरं दिसत नाही. पत्राचं तसं नाही, पत्रात तोंड उघडावं लागत नाही. (अबोला आहे हे तुझ्या लक्षात आलं नसेल तर म्हणून मुद्दाम कळवतो. तू काठी आपटलीस की चहा वर येतो, टोपली खाली सोडलीस की त्यात दूध आणि वर्तमानपत्र येतं, तेव्हा तुला फरक जाणवला नसण्याची शक्यता तुझ्या सूनबाईने बोलून दाखवली. असला अबोला माझ्याशीही धरा, असंही ती म्हणाली.)

तर आत्या, झालं ते झालं. पण तुला फक्त तुझी बाजू माहीत आहे, माझी कोणी विचारलीच नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

बसथांब्याजवळ ते मोठं दुकान झालं तेव्हा मी काही मनावर घेतलं नव्हतं. त्यांचे दिवे मोठे, आपली ओळख मोठी, असं मी त्या वेळी म्हणालो होतो. आता संध्याकाळी बसमधून उतरलेला माणूस तिथे थंडगार बीअरची बाटली घ्यायला शिरतो, आणि शिरलाच आहे तर पाव, अंडी, साबण, सगळं तिथूनच घेऊन बाहेर पडतो. आपल्याकडे तो येतो ते काडेपेटी घ्यायला, नाहीतर पत्ता विचारायला. पत्ते मी मन लावून सांगतो, पण त्यावर दुकान चालत नाही. संध्याकाळचं गिऱ्हाईक परत आलं नाही तर शटर कायमचं ओढावं लागणार, हे तुझ्या सूनबाईने मला कागदावर मांडून दाखवलं आहे. आणि खालचं दुकान आणि वरच्या तुझ्या खोल्या एकाच भाडेकरारात आहेत, त्यामुळे दुकान गेलं की आपण तिघंही पिशव्या घेऊन रस्त्यावर. म्हणून मी बीअर आणि वाइन विकायच्या परवान्याचा अर्ज केला. मला कसली हौस आलेली नाही. मी स्वतः तर खोकल्याचं औषध घेतलं तरी डुलायला लागतो.

अर्जाबरोबर दुकानाचा नकाशा जोडावा लागतो, बाटल्यांची मांडणी कुठे, दार कुठे, गल्ला कुठे. मी रात्री जागून चांगला रंगीत नकाशा काढला आणि त्यात जिना दाखवायचाच राहिला. तपासनीस साहेब म्हणाले, वर कोणी राहतं का? म्हटलं, आत्या राहते. मग त्या खाली उतरतात कशा? (मी म्हटलं, मनात आलं तर उतरतात. त्यांनी ते लिहून घेतलं.) मग ते प्रत्यक्ष जागा मोजायला आले, पण फीत टाकायची कुठे हेच त्यांना समजेना. एका भिंतीला शेजारच्या शिंप्याचं जुनं मशीन, कारण त्याच्याकडे नवीन आल्यावर जागा नव्हती. दुसऱ्या भिंतीला समोरच्या घरातला पाळणा, कारण त्यांचं मूल मोठं झालं आणि पुढचं यायचं आहे. खिळ्याला अर्ध्या गल्लीच्या किल्ल्या. आणि बरोबर मधोमध त्या गवंड्यांच्या मुकादमाची मोटारसायकल, कारण बाहेर ठेवली तर तिच्यावर पक्षी बसतात. तपासनीस साहेबांनी विचारलं, ही विकायला आहे का? म्हटलं नाही, ठेवायला आहे. त्यांनी अंदाजे लांबीरुंदी लिहिली आणि जाता जाता त्यांचं एक पार्सल दोन दिवसांसाठी माझ्याकडे ठेवून गेले.

मग आली नोटीस. ही पद्धत तुला ठाऊक आहेच, तुझ्याइतकं त्या नोटिशीचं वाचन कोणी केलं नसेल. अर्जदाराने आपल्या दुकानाच्या काचेवर महिनाभर कागद लावायचा, की मी अमुक अमुक, मला दारू विकायची आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावी. आपल्याच हाताने आपल्या काचेवर लोकांना असं आमंत्रण चिकटवताना मला जरा कसंतरी झालं. पण लोक फार चांगले निघाले, आत्या. निवृत्त मास्तरांनी त्यातल्या दोन चुका लाल पेनने सुधारून दिल्या. शिंपी रोज विचारायचा, कधीपासून? मधल्या काळात कोपऱ्यावरच्या बाईंचं मांजर हरवलं आणि त्यांनी विचारलं की तुमच्या कागदाखाली माझा कागद लावू का, काचेला दुसरीकडे जागाच नाही. मी लावा म्हटलं. त्यांनी तो इतका वर सरकवून लावला की ‘अर्जदार’ या शब्दाखाली थेट मांजराचा फोटो आला. बरेच दिवस लोक थांबून वाचायचे आणि माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायचे. (मांजर सापडलं. पाळण्यात झोपलं होतं, आपल्याच दुकानात.)

आणि महिना सरता सरता कचेरीतून फोन आला की तुमच्या अर्जावर एक हरकत आलेली आहे. कुणाची म्हणून विचारलं तर पलीकडचा कारकून म्हणाला, नाव सुनावणीच्या आधी फोनवर सांगता येत नाही, पण पत्ता तुमचाच आहे.

आता माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला तेव्हाच उमगलं असतं. मला काय वाटलं ते सांगतो, हसू नकोस. मला वाटलं, मीच माझ्यावर हरकत घेतली. कारण अर्ज द्यायला गेलो त्या दिवशी कचेरीच्या खिडकीतून दोन तीन छापील नमुने पुढे आले होते, आणि कोणी कागद पुढे केला की मी सही करतो हे तू जाणतेस. त्यात एखादा हरकतीचा नमुना असणार आणि मी तोही प्रामाणिकपणे भरून दिला असणार, अशी माझी पक्की खात्री झाली. सूनबाई म्हणाली, असं कोणी करतं का? मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, जा, जाऊन मागे घेऊन या.

गेलो. रांगेत उभा राहिलो. (मध्ये चार जणांना पुढे जाऊ दिलं, त्यांना घाई होती.) नंबर आला तेव्हा कारकुनाला म्हटलं, मी माझ्यावर घेतलेली हरकत मागे घ्यायला आलोय. त्याने चष्मा वर केला. म्हणाला, हरकत घेणाऱ्यालाच मागे घेता येते. म्हटलं, मीच तो. त्याने फाईल काढली, एकदा फाईलकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाला, इथे बाई आहे. मी म्हटलं, घाईत भरताना चुकून झालं असेल. आत्या, माझ्या भोळेपणाची हद्द बघ, मी ‘स्त्री’च्या चौकोनातही खूण केली असेन असं मला मनापासून वाटलं. तेव्हा त्या भल्या माणसाला माझी दया आली आणि नियम बाजूला ठेवून तो हळूच म्हणाला, नात्याच्या रकान्यात ‘आत्या’ असं लिहिलंय, हेही चुकून लिहिलंत का?

तिथून घरापर्यंत मी चालत आलो. बस समोरून गेली तरी हात केला नाही. मला राग आला नव्हता, खरं सांगतो, राग नंतर आला. आधी नुसतं वाईट वाटलं.

सुनावणीच्या दिवशी आपण एकाच बसने गेलो. तू पुढच्या बाकावर, मी आणि सूनबाई अगदी मागे, जणू ओळखच नाही. मी ताठ खिडकीबाहेर बघत होतो. तेवढ्यात कंडक्टर येऊन म्हणाला, तुमची तिकिटं पुढच्या आजींनी काढलीत, त्यांनी सांगितलंय मागे तोंड पाडून बसलेला तो माझा. सगळी बस वळून बघायला लागली. असल्या माणसाशी भांडण तरी कसं करायचं?

बाहेरच्या खोलीत आपला पुकारा व्हायला वेळ लागला. तू भिंतीकडे तोंड करून बसलीस, त्यामुळे तिथे काय काय झालं ते तुला दिसलं नाही असं मी धरून चाललो होतो. (तू सगळं बघत होतीस, हे सूनबाईने नंतर सांगितलं.) शिपायाला फायली वर न्यायला मदत हवी होती, नेल्या. हॉटेलवाल्या अर्जदाराला लघवीला जायचं होतं, त्याची छत्री धरली. एका बाईंचा पुकारा झाला आणि त्यांचं मूल झोपलेलं, तेही धरलं. तेवढ्यात माझं नाव आलं आणि मी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मूल घेऊन आत गेलो. लांबलचक टेबल, त्यामागे तीन माणसं, मधोमध सर्दी झालेल्या अध्यक्षबाई. त्यांनी विचारलं, हे मूल कोणाचं? मी म्हटलं, माहीत नाही.

मग तू उभी राहिलीस. निळी शाल नीट केलीस आणि बोललीस. इतकी वर्षं मी तुझी बोलणी खातो आहे, पण त्या दिवशी प्रथमच तू माझ्याकडे न बघता बोललीस. म्हणालीस, दारूबद्दल माझं काही म्हणणं नाही, माणसं पितात, पिऊ देत. माझी हरकत बाटलीवर नाही, माणसावर आहे. याला नाही म्हणता येत नाही. शाळेतून येताना हा सगळ्यांची दप्तरं उचलून आणायचा आणि स्वतःचं शाळेत विसरायचा. उद्या कोणी झिंगलेला माणूस येईल, म्हणेल भाऊ, अजून एक दे, आणि हा देईल. कोवळं पोरगं येईल, म्हणेल काका, बाबांनी मागवलीय, आणि हा देईल. त्यात कुणाचं तरी काही होईल आणि मग हा जन्मभर धड झोपणार नाही. तेवढं बोलून तू खाली बसलीस. माझ्या हातातलं मूल घोरत होतं.

अध्यक्षबाईंनी नाक पुसलं आणि मला विचारलं, तुम्हाला खरंच कुणाला नाही म्हणता येत नाही का?

मी म्हटलं, हो.

मग त्यांनी विचारलं, म्हणजे तुम्हाला परवाना देऊ नये असं आम्ही समजायचं का? आणि आत्या, मी त्यालाही हो म्हणालो. त्या इतक्या नीट विचारत होत्या, त्यांचं मन मोडवेना. सूनबाईने मागून जो चिमटा काढला त्याचा वळ अजून आहे.

निकाल तुझ्यासमोरच लागला. अर्ज फेटाळला नाही, पुढच्या महिन्यापर्यंत लांबणीवर टाकला. तोवर मी नाही म्हणायला शिकलोय हे दाखवायचं, नाहीतर विक्रीच्या वेळात काउंटरवर बसणारी दुसरी जबाबदार व्यक्ती नेमून तिचं नाव द्यायचं. दोन्ही जमलं नाही तर अर्ज रद्द. सूनबाईची तर रुग्णालयात कायमची संध्याकाळची पाळी, ती बसू शकत नाही. तेव्हा शिकणं भाग होतं.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू केला. सूनबाईने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात ‘नाही’ असं लिहून गल्ल्यामागे माझ्या डोळ्यांसमोर लावलं. पहिला आला शिंपी. त्याने विचारलं, काय, सगळं ठीक ना? मी पुठ्ठ्याकडे बघितलं आणि छातीठोकपणे म्हटलं, नाही. तो बिचारा घाबरला, स्टूल ओढून बसला आणि दुपारपर्यंत माझी समजूत घालत राहिला. मग निवृत्त मास्तर मेणबत्ती घ्यायला आले, त्यांना मी वयाचा दाखला मागितला. (नियमाच्या पुस्तकात लिहिलंय, शंका आली की विचारा. मला शंका मेणबत्तीबद्दल नव्हती, पण हात बसायला हवा.) मास्तरांनी खरंच घरी जाऊन दाखला आणला आणि त्यांचं वय बघून मला इतकं भरून आलं की मेणबत्तीबरोबर काडेपेटी तशीच दिली. शेवटी उंदरांच्या सापळ्यांचा विक्रेता आला. त्याला मी स्वच्छ नको म्हटलं. आयुष्यातलं पहिलं नको. त्याचा चेहरा असा उतरला की मी दुप्पट सापळे घेतले. आता आपल्याकडे सापळे इतके आहेत की पाय जपून टाकावा लागतो, आणि उंदीर तर त्या मांजराने आधीच संपवलेत.

आता गेल्या आठवड्यातली गोष्ट. तू साबण घ्यायला खाली उतरलीस आणि मी दुकानात नव्हतो, आठवतं? मी समोरच्यांचं कपाट चढवायला गेलो होतो. परत आलो तर काचेतून दिसलं की तू काउंटरमागे माझ्या स्टुलावर बसली आहेस आणि मुकादम दारात मोटारसायकल घेऊन उभा. तो एवढा दांडगा माणूस, कामावर त्याचा आवाज तीन गल्ल्या ऐकू जातो. त्याने गाडी आत ढकलायला घेतली. तू नुसतं म्हणालीस, नाही. ओरडली नाहीस, कारण दिलं नाहीस, चेहरासुद्धा बदलला नाहीस. आणि तो म्हणाला, बरं आजी. गाडी वळवली, आणि परत येऊन पाव आणि अंडी घेऊन गेला, वर तुला थँक्यू म्हणाला! मी बाहेर उभा राहून बघत होतो. आत यायचा धीर झाला नाही. तू असताना दुकान दुकानासारखं दिसत होतं.

असो. मला एवढंच कळवायचं होतं की माझा अबोला चालू आहे आणि तुझ्याकडून मला काहीही नको. खिडकी रात्री बंद करत जा.

तुझाच आज्ञाधारक (तक्रार नेमकी त्याचीच आहे म्हणा),
भाचा

ता. क. चहात साखर कमी घालतोय ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, अबोल्यामुळे नाही.

आणखी ता. क. सूनबाईने वरचं सगळं वाचलं आणि म्हणाली, एवढी पानं लिहिलीत आणि मुद्दा कुठाय? तर मुद्दा असा. अर्जातल्या जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात तुझं नाव घालू का? काम फक्त संध्याकाळचं, बसून, आणि बोलायचा शब्द एकच. तू सुनावणीत जे बोललीस त्याचा मला राग नाही. चार परक्या लोकांसमोर बोललीस त्याचा आला होता, पण ते शेवटचं वाक्य, मी जन्मभर झोपणार नाही हे, ते मला रोज अंथरुणाला पाठ टेकली की ऐकू येतं, आणि ते खरं आहे. जगात मला नाही म्हणणारी तू एकटीच होतीस आणि म्हणून मी एवढा तरी धड निघालो. सूनबाई कामावर गेली की संध्याकाळी तू वर एकटी आणि मी खाली एकटा, दोघंही भिंतीकडे बघत असतो. मला ते आवडत नाही. हे सरळ सांगायला मला एवढी पानं लागली.

शेवटचा ता. क. रकाना भरायचा कागद आणायला कचेरीत गेलो तर जिन्यात अध्यक्षबाई भेटल्या, सर्दी बरी झालेली. त्यांना तुझं नाव सांगितलं. म्हटलं, पण बाई, आत्या नाही म्हणाली तर? त्या प्रथमच हसल्या आणि म्हणाल्या, मग तर आम्हाला त्याच हव्यात. तेव्हा आत्या, तू नाही म्हणालीस तरी माझं काही अडत नाही. फक्त काठी आपटून म्हणू नकोस. खाली येऊन म्हण.